नाकातल्या नळीतून घरी भरवताना: पॅरालिसिसच्या पेशंटसाठी

डिस्चार्जच्या दिवशी सिस्टर एकदा, फार तर दोनदा नळीतून भरवून दाखवतात. त्याच वेळी बिल भरायचं असतं, गोळ्या आणायच्या असतात, खाली गाडी थांबलेली असते. बघणाऱ्याचं निम्मं लक्ष तिकडंच. मग घरी आल्यावर रात्रीच्या पहिल्या फीडला हातात सिरिंज घेतली की शंका सुरू होतात. किती उंच धरायची? पाणी आधी की नंतर? आणि मुळात नळी अजून पोटातच आहे कशावरून?

त्याआधी एक गैरसमज काढून टाकू. ‘नळी घातली, आता अन्न फुप्फुसात जायची भीती नाही,’ असं बहुतेक घरांत धरून चालतात. नळी अन्नाला घशाला वळसा घालून पोटात नेते, तेवढंच तिचं काम. लाळ घशातूनच उतरत राहते. पोटातलं अन्न उलट वर येऊ शकतं, कारण अन्ननलिकेच्या तळाशी जे तोंड एरवी घट्ट मिटतं, त्यातून आता नळी गेलेली असते. त्यातच पॅरालिसिसने घशाची जाणीव बोथट झालेली असते, त्यामुळं चुकीच्या वाटेला काही गेलं तरी ठसका लागेलच असं नाही. म्हणून नळी असलेल्या पेशंटलाही न्यूमोनिया होतो. तो टाळायचा तर पेशंटला नीट बसवणं, सावकाश भरवणं आणि तोंड स्वच्छ ठेवणं या तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत.

नळी कुठली आणि किती दिवस

नाकातून पोटात जाते ती राईल्स ट्यूब. कोणी तिला रॉयल ट्यूब म्हणतं, पण राजेशाहीशी तिचा संबंध नाही, राईल हे इंग्रज डॉक्टरांचं आडनाव. मोठ्या माणसाला साधारण १२ ते १६ नंबरची नळी घालतात. घरी शिजवलेलं अन्न गाळून द्यायचं असेल तर १४ किंवा १६ नंबर सोयीचा. ८-१० नंबरची मऊ, बारीक नळी नाकाला सोसते, पण तिच्यातून फक्त पावडरचं तयार फीडच सरळ जातं. नाचणीच्या खिरीने ती दोन दिवसांत तुंबते.

साधी पीव्हीसीची नळी स्वस्त असते, पण पोटातल्या आम्लाने हळूहळू कडक होते आणि आतून टोचायला लागते. ती आठवडा-दोन आठवड्यांत बदलावी लागते. सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनची नळी चार ते सहा आठवडे टिकते. तुमच्या पेशंटला कुठली घातली आहे आणि कोणत्या तारखेला, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. तिसऱ्या आठवड्यात हा प्रश्न हमखास येतो, आणि तेव्हा घरात कोणालाच तारीख आठवत नसते.

गिळणं लवकर सुधारेल असं दिसत नसेल, म्हणजे नळी चार आठवड्यांहून जास्त लागणार असेल, तर डॉक्टर पोटावरच्या नळीचा, म्हणजे पेगचा, विषय काढतात. त्याची घाई नको. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फूड’ नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पेग बसवण्याचा फायदा दिसला नाही, उलट नाकातल्या नळीच्या पेशंटचे परिणाम थोडे बरे आले. बऱ्याच जणांचं गिळणं याच काळात परत येतं, हेही लक्षात ठेवा.

खूण बघितल्याशिवाय थेंबही नाही

नळी पहिल्यांदा घातली की ती पोटात आहे याची खात्री एक्स-रेने होते. त्यानंतर नाकपुडीशी नळीवर कोणता आकडा येतो ते बघा. राईल्स ट्यूबवर ५०, ६०, ७० सेंटिमीटरच्या खुणा असतात. मोठ्या माणसात नळी साधारण ५० ते ६०च्या दरम्यान नाकाशी येते. त्या जागी परमनंट मार्करने बारीक रेघ ओढा आणि नाकापासून टोपणापर्यंत बाहेर राहिलेली लांबी टेपने मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दर फीडच्या आधी रेघ नाकाशीच आहे का ते बघायचं. जागेवरून सरकलेली दिसली तर फीड नाही.

मग तोंड उघडून टॉर्च मारा. उलटी किंवा जोराच्या खोकल्यानंतर नळी घशात वेटोळं करून बसू शकते, आणि तेव्हा नाकाशी रेघ जागेवरच दिसते.

नळीतून सिरिंजने एक-दोन मिली ओढून पीएच पट्टीवर, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या कागदावर, थेंब टाकला आणि आकडा ५.५ किंवा त्याखाली आला, तर नळी पोटात आहे असं समजायला हरकत नाही. ही पट्टी सर्जिकल दुकानात मिळते. फीड होऊन गेल्यावर तासाभराच्या आत केलेली तपासणी फसवी असते. पेशंटला अॅसिडिटीची गोळी चालू असेल तर आकडा एरवीही वर येतो. अशा वेळी अंदाज न करता फोन करून विचारा.

एक जुनी पद्धत अजून सगळीकडं शिकवतात: सिरिंजने हवा मारायची आणि पोटावर कान किंवा स्टेथोस्कोप लावून ‘बुडबुड’ ऐकायची. नळी फुप्फुसात किंवा अन्ननलिकेत असली तरी तो आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो, म्हणून त्यावर भरवसा ठेवू नका. नळीचं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघणंही तसंच फसवं.

बसवणं: ४० सेंटिमीटरचा हिशेब

फीड देताना पाठ किमान ३० अंश, जमलं तर ४५ अंश वर हवी. फॉलर कॉट, म्हणजे डोक्याकडचा भाग वर उचलता येणारी दवाखान्यातली खाट, भाड्याने मिळते आणि महिनाभराचं काम असेल तर ती घ्यावीच. ती नसेल तर लोक दोन गोष्टी करतात, आणि दोन्ही चुकतात. एक म्हणजे डोक्याखाली उशांवर उशा. त्याने मान दुमडते, पोट दाबलं जातं, पाठ मात्र आडवीच राहते. दुसरं म्हणजे खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. सहा फुटी खाटेला त्याने जेमतेम चार-पाच अंशांचा चढ येतो.

चढ कमरेपासून हवा. गादीच्या वरच्या भागाखाली फळी तिरपी लावा किंवा गाद्या दुमडून उतार करा. कमरेपासून डोक्यापर्यंत साधारण ८० सेंटिमीटर धरले, तर डोकं पातळीपासून ४० सेंटिमीटर वर आलं की ३० अंश झाले, ५५च्या पुढं गेलं की ४५ झाले. एकदा टेपने मोजा, भिंतीवर खडूने रेघ मारा, म्हणजे रोज अंदाज करावा लागत नाही. गुडघ्यांखाली लोड दिला तर पेशंट खाली घसरत नाही. लुळ्या बाजूला माणूस कलतो, म्हणून त्या काखेशी एक उशी खुपसा.

डायपर बदलणं, स्पंजिंग, पाठीला थापट्या, व्यायाम ही सगळी कामं फीडच्या आधी उरकून घ्या. फीड झाल्यावर तासभर त्याच कोनात ठेवायचं. भरल्या पोटी कुशीवर वळवून डायपर काढला आणि उलटी झाली, हा प्रकार घरोघरी होतो. रात्री शेवटचं फीड दहाच्या सुमारास, आणि झोपतानाही डोक्याकडचा भाग उंचच.

भरवण्याची कृती

लागतं काय? ५० किंवा ६० मिलीची, लांब निमुळत्या तोंडाची फीडिंग सिरिंज, मोजमापाचा ग्लास, उकळून कोमट केलेलं पाणी, नॅपकिन आणि घड्याळ. घड्याळ विनोद म्हणून लिहिलेलं नाही.

साबणाने हात धुवा. पेशंट बोलत नसला तरी सांगा, “आबा, जेवण देतोय हं.” ऐकू येत असतं आणि कळतही असतं. नळीचं टोपण काढण्याआधी नळी बोटांत दुमडून धरा, नाहीतर हवा आत जाते आणि पोट फुगतं. सिरिंजमधला दट्ट्या पूर्ण काढून टाका, नुसतं नळकांडं नळीला घट्ट बसवा. त्यात ३० मिली पाणी ओता, नळी मोकळी सोडा. पाणी सहज उतरलं की फीड ओतायला सुरुवात.

नळकांडं पेशंटच्या पोटापासून हातभर उंच, म्हणजे ३० ते ४५ सेंटिमीटर. उंच धरलं की वेग वाढतो, खाली आणलं की कमी होतो. २५० मिली उतरायला २० मिनिटं लागली पाहिजेत, म्हणजे एक सिरिंजभर चार मिनिटांत. सिरिंज रिकामी होण्याआधीच पुढचं ओता, मध्ये हवा शिरू देऊ नका. उतरत नाही म्हणून दट्ट्या लावून ढकलायचा मोह होतो, आणि सगळ्यात जास्त नुकसान याच मोहाने होतं. पोट एकदम ताणलं की अन्न वर येतं. घट्ट फीड असेल तर ते पातळ करा.

शेवटी पुन्हा ३० मिली पाणी, नळी दुमडा, टोपण लावा. बाहेरची नळी खांद्याशी कपड्याला सैल अडकवा. पेशंटच्या चांगल्या हाताच्या टप्प्यात ती लोंबती ठेवू नका, त्या हाताने ओढून काढतात. पांघरुणाखाली हात गेला की विशेष लक्ष द्या.

मध्येच खोकला, धाप, चेहरा निळसर होणं, घशात घरघर यातलं काही दिसलं तर त्याच क्षणी नळी दुमडा, फीड बंद. उलटी असेल तर पेशंटला कुशीवर वळवून तोंड साफ करा. धाप कमी होत नसेल तर १०८ला फोन. ‘थोडंच राहिलंय, संपवूनच टाकू’ असं अजिबात नको.

काय द्यायचं, किती द्यायचं

साधारण हिशेब वजनावर असतो: दर किलोला रोज २५ ते ३० कॅलरी, १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं, आणि अन्नातलं धरून ३० मिली पाणी. ६० किलोच्या माणसाला म्हणजे १५०० ते १८०० कॅलरी, ६० ते ७२ ग्रॅम प्रथिनं, पावणेदोन-दोन लिटर पाणी. किडनी, हृदय किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर हे आकडे बदलतात, तेव्हा डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील ते प्रमाण धरा.

आपल्याकडं आजाऱ्याला ताकद यावी म्हणून मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पातळ पाणी, पाजायची पद्धत आहे, आणि नळीतूनही लोक तेच देतात, दिवसातून तीनदा. अळण्याला वास आणि चव झकास असते, पण गाळलेल्या अळण्यात थोडी प्रथिनं, थोडं मीठ आणि वर तरंगणारी चरबी एवढंच असतं. मटण तर गाळणीत राहतं. पेशंटचं पोट पाण्याने भरतं आणि महिन्यात दंड बारीक होतात. हवंच असेल तर दुसरं अन्न पातळ करायला पाण्याऐवजी ते वापरा, चरबीचा थर काढून.

त्यापेक्षा दोन साधी फीड्स पाठ करा.

दूध-नाचणी: नाचणीचं सत्त्व १५ ग्रॅम थोड्या पाण्यात शिजवून घ्या, २०० मिली उकळून कोमट केलेलं गाईचं किंवा टोन्ड दूध घाला, साय न काढलेलं असलं तरी चालेल पण तिचा तुकडा राहू देऊ नका. त्यात १५ ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर, दोन चमचे साखर, एक चमचा तेल. साधारण ३०० कॅलरी आणि १३ ग्रॅम प्रथिनं होतात. गूळ घालायचा असेल तर पाण्यात विरघळवून वस्त्रगाळ करा. आपल्या कोल्हापूर भागातल्या चांगल्या गुळातसुद्धा बारीक कचकच असते आणि ती नळीच्या टोकाच्या भोकांत जाऊन बसते. मधुमेह असेल तर साखर-गूळ दोन्ही वर्ज्य.

डाळ-भाताची पेज: २० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम मूगडाळ चिमूटभर हळदीने कुकरमध्ये गाळ शिजवा, त्यात पूर्ण उकडलेलं एक अंडं आणि दोन चमचे तेल घालून मिक्सरला तीन मिनिटं फिरवा, पाण्याने २५० मिली करा. सुमारे ३०० कॅलरी, १२-१३ ग्रॅम प्रथिनं. शाकाहारी घरात अंड्याऐवजी २० ग्रॅम मिल्क पावडर.

दूध-नाचणी तीन वेळा, पेज दोन वेळा, आणि मध्ये एकदा २०० मिली पातळ ताक: एवढ्याने १५००च्या वर कॅलरी आणि ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं भरतात. सकाळी सातपासून दर तीन तासांनी एक. नळी धुण्याचं आणि गोळ्यांचं पाणी धरून पाण्याचा हिशेबही जवळपास बसतो. उन्हाळ्यात किंवा ताप असताना २००-३०० मिली जास्त पाणी दोन फीडच्या मध्ये द्या. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय.

मीठ. जिभेला चव लागत नाही म्हणून घरचे नळीच्या अन्नात मीठच घालत नाहीत. पंधरा दिवसांनी पेशंट गुंगीत जातो, बडबडतो, आणि सगळ्यांना वाटतं दुसरा अटॅक आला. रक्तात बघावं तर सोडियम उतरलेलं. बीपी असलं तरी मीठ शून्य करायचं नसतं. दिवसाला किती ते डॉक्टरांकडून ग्रॅममध्ये विचारून घ्या आणि पेजेत मोजून घाला.

दूध उकळलेलंच हवं. कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणं ही कोल्हापूरची शान असेल, पण ते पिणाऱ्याची तब्येत पैलवानाची असते. अंथरुणावरच्या माणसाला कच्चं दूध आणि कच्चं अंडं दोन्ही नको. म्हशीचं दूध घट्ट पडतं, नुसतं दिलं तर काहींना जुलाब लागतात. एकास एक पाणी घालून सुरुवात करा. शहाळं पाव्हणे आणतातच. किडनीचा त्रास किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या असतील तर ते विचारूनच द्या.

सगळं बारीक गाळणीतून आणि मग मलमलच्या फडक्यातून गाळा. फडकं रोज उकळा. बनवलेलं फीड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवलेलं २४ तासांत संपवा आणि कोमट करून द्या, गार फीडने पोटात कळ येते. पावडरचं तयार फीड डब्यावरच्या मापाने आणि पाण्याने बनवा. महाग पडतं म्हणून पाणी वाढवलं तर अन्न अर्धं पोचतं.

गोळ्या

गोळ्या फीडमध्ये कालवू नका. प्रत्येक गोळी वेगळी कुटायची, १५-२० मिली कोमट पाण्यात मिसळून द्यायची, दोन गोळ्यांमध्ये १० मिली पाणी, शेवटी ३०. गोळ्यांचा खलबत्ता वेगळा ठेवा. कांदा-लसूण चटणीच्या खलात कुटलेली गोळी नळीला आणि पेशंटला दोघांनाही झोंबते.

पण प्रत्येक गोळी कुटायची नसते. नावापुढं एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एक्सएल किंवा रिटार्ड असेल तर ती दिवसभर हळूहळू सुटणारी असते. कुटली की सगळा डोस एकदम रक्तात जातो, आणि बीपीची असेल तर बीपी धाडकन पडतं. पोटात न विरघळणारं आवरण असलेल्या गोळ्याही तशाच. पॅरालिसिसच्या पेशंटची अॅस्पिरिन बहुतेकदा आवरणाची असते, तिच्याऐवजी साधी विरघळणारी मागून घ्या. पँटोप्रॅझोल कुटून उपयोग नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून दिली तर औषध गरजेपेक्षा बरंच जास्त शोषलं जातं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. फिट्सच्या औषधांपैकी फेनिटॉइन फीडला चिकटतं. त्याच्या आधी आणि नंतर एक ते दोन तास फीड नको. व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटॅम यांची सिरप मिळतात.

डिस्चार्जची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना एकच प्रश्न विचारा: “यातली कुठली कुटायची नाही?” त्या गोळ्यांसमोर लाल पेनाने फुली मारून घ्या. घट्ट सिरपमध्ये तेवढंच पाणी मिसळा. काही सिरपमधल्या सॉर्बिटॉलने जुलाब होतात, तेव्हा दोष उगीच दुधावर येतो.

तोंड आणि नाक

तोंडाने खात नाही म्हणून तोंड धुवायचंच नाही, असं झालं की जिभेवर पांढरा थर बसतो आणि त्यातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. दिवसातून दोन-तीनदा मऊ ब्रशने दात, जीभ, टाळू साफ करा. पेस्ट मुगाएवढी. डोकं उंच आणि एका कुशीला, पाणी फडक्याने टिपून घ्यायचं, चूळ भरायला लावायची नाही. कवळी रात्री काढून ठेवा. ओठांना व्हॅसलीन.

नाकावरची चिकटपट्टी रोज बदला, त्याआधी नाक पुसून कोरडं करा. तेलकट कातडीवर पट्टी टिकत नाही. नळी नाकपुडीच्या कडेला दाबून बसू नये, खाली मोकळी लोंबावी. कडेला लाल दिसलं तर पट्टीची दिशा बदला. तसंच ठेवलं तर दोन दिवसांत जखम होते.

बिघडतं काय काय

नळी तुंबली तर ५० मिलीच्या सिरिंजने २० मिली कोमट पाणी हलक्या हाताने आत-बाहेर करा, १५ मिनिटं तसंच राहू द्या, पुन्हा करा. छोट्या सिरिंजने जोर देऊ नका. सिरिंज जितकी लहान तितका दाब जास्त, आणि नळी फुटते. तार, सळई घालायची नाही. कोल्ड्रिंक किंवा लिंबूपाणी सोडायचा सल्ला कोणीतरी देतंच. दुधाच्या नळीत आंबट गेलं की दूध फाटून गठ्ठा आणखी पक्का होतो.

पोट टम्म वाटलं किंवा मळमळ असेल तर फीडआधी सिरिंजने ओढून बघा. मागच्या फीडच्या निम्म्याहून जास्त निघालं तर ते परत आत सोडा, तासभर थांबा. पुन्हा तेवढंच असेल तर फीड न देता फोन करा. कॉफीच्या गाळासारखं काळपट किंवा लाल दिसलं तर वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा.

जुलाब बहुतेकदा वेगाने दिलेल्या, गार किंवा शिळ्या फीडमुळे असतात, किंवा अँटिबायोटिकमुळे. शौचाला तीन दिवस झाली नाही तर आधी पाण्याचा हिशेब बघा.

नळी निघून आली तर स्वतः परत घालू नका. अर्धवट निघालेली आत ढकलूही नका. रात्रीची वेळ असेल आणि मधुमेह नसेल, तर एक-दोन फीड चुकून बिघडत नाही, सकाळी घालून घ्या. तेवढ्या वेळात तोंडाने पाणी पाजायचं नाही. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी देऊन झाली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ग्लुकोमीटरने लगेच तपासा आणि रात्र असली तरी निघा. फिट्सच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा डोस चुकत असेल तर डॉक्टरांना त्याच रात्री विचारा.

चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीकडच्या घरांनी डिस्चार्जच्या आधीच एक गोष्ट विचारून ठेवावी: आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नळी बदलून मिळते का, आणि कोणत्या वेळी. दर वेळी कोल्हापूरचं सीपीआर, म्हणजे सरकारी मोठा दवाखाना, गाठणं शक्य नसतं. पावसाळ्यात तर नाहीच. २०१९ आणि २०२१च्या पुरात शहरात यायचे रस्तेच बंद झाले होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली आणि नळी बदलायची तारीख आठवड्यावर असेल, तर आधीच बदलून घ्या. घरात एक जादा नळी, दोन सिरिंज, पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि लाईट गेली तर मिक्सरशिवाय चालणारं पावडरचं फीड असू द्या.

पेग असेल तर

भरवायची रीत तीच: तोच कोन, तोच वेग, तेवढंच पाणी. भोकाभोवतीची कातडी रोज साबण-पाण्याने धुऊन कोरडी करायची. जखम भरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की नळी रोज एक गोल फिरवायची, नाहीतर आतली चकती पोटाच्या भिंतीत रुतते. पहिल्या चार आठवड्यांत पेग निघाला तर ती इमर्जन्सी समजा. त्यानंतर निघाला तरी भोक काही तासांतच आकसतं, त्यामुळं स्वच्छ फडकं लावून लगेच निघा.

तोंडाने परत केव्हा

बघायला आलेल्या पाव्हण्यांपैकी कोणीतरी “एक चमचा मोसंबीचा रस दिला म्हणून काय होतंय?” म्हणतंच. अंबाबाईचं तीर्थ आलेलं असतं. तीर्थ बोटाने ओठांना लावा, तोंडात सोडू नका. आणि पाणी हेच सगळ्यात फसवं. पातळ असल्याने ते घशातून झपकन उतरतं आणि सैल पडलेला घसा तेवढ्या वेळात मिटत नाही.

पेशंट जागा राहतो, सांगितलेलं ऐकतो, स्वतःची लाळ गिळतो, मुद्दाम सांगितल्यावर जोरात खोकू शकतो, एवढं दिसायला लागलं की स्पीच थेरपिस्टकडं न्या. बोलणं सुधारण्यासाठी थेरपिस्ट असतात हे लोकांना माहीत असतं, गिळणंही तेच तपासतात हे फार कमी जणांना. ते चमच्याने मोजकं पाणी देऊन बघतात, गरज वाटली तर कॅमेऱ्याने किंवा एक्स-रेखाली गिळणं बघायला सांगतात. सुरुवात बहुधा दह्यासारख्या दाट पदार्थाने होते, चमच्याच्या टोकावर येईल एवढ्या घासाने, हनुवटी थोडी छातीकडं झुकवून. प्रत्येक घासानंतर “आ” म्हणायला लावा. आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा आला तर घास घशातच आहे. त्या दिवसापुरतं तिथंच थांबा.

तोंडाने खाणं सुरू झालं म्हणून नळी त्याच दिवशी काढत नाहीत. तोंडाने जेवढं पोटात गेलं तेवढं मोजून वहीत लिहायचं आणि नळीचं फीड तेवढं कमी करत न्यायचं. निम्म्याहून बरंच जास्त अन्न आणि सगळ्या गोळ्या सलग तीन-चार दिवस तोंडाने जात असतील, ताप नसेल, छातीत घरघर नसेल, तर वहीतले हे आकडे घेऊन डॉक्टरांकडं जा आणि नळी काढायचं विचारा.